पुस्तक आहे, पण बसायला जागा?

(वाचन प्रेरणा दिनानिमित्त मदिनत खलीफा इथे मंडळाच्या सभासदांसमोर केलेलं भाषण. अंकासाठी लिहून काढताना बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सगळ्यात आधी आपल्या यजमान दादा-वहिनींचे आभार. त्यांच्या या मजलिसमध्ये आज आपण पन्नासएक जण दाटीवाटीनं बसलो आहोत आणि मागे दाराशी चार-पाच जण उभे आहेत. उभे असलेल्यांना माझी विनंती आहे की त्यांनी भाषण संपेपर्यंत तसंच उभं राहावं. कारण माझा आजचा विषयच मुळी 'बसायला जागा' हा आहे आणि तो तुमच्याइतका दुसऱ्या कुणाला पटणार नाही!

कार्यकारिणीचा फोन आला तेव्हा विषय जरा भारदस्त होता. 'विद्यापीठ ग्रंथालयातील सेवा व अभ्यासाच्या जागा : सुधारणेच्या दिशा.' वर "तू कॉम्प्युटरवाला आहेस, तेव्हा ते डिजिटल वगैरे पण घे" अशी पुरवणी. मी हो म्हणून बसलो. मी काही ग्रंथपाल नाही. कॉम्प्युटर इंजिनियरिंग केलं आणि गेली काही वर्षं इथं दोहात कंपन्यांच्या सिस्टिम्स बसवून देण्याचं काम करतो. पण एका ग्रंथालयाच्या सुधारणेत मी दोनदा हात घातला आणि दोन्ही वेळा सपशेल आपटलो. तिसऱ्यांदा थोडंफार जमलं. तेव्हा अनुभवी माणूस म्हणून नव्हे, तर अनुभव आलेला माणूस म्हणून माझं ऐका.

सुरुवात आपल्या इथूनच करतो. मागच्या मे महिन्यात एका प्रोजेक्टचं गो-लाइव्ह आटोपून रात्री साडेअकराला घरी आलो. खाली पार्किंगमध्ये एका गाडीचं इंजिन चालू, आत दिवा लागलेला. बघतो तर आमच्याच बिल्डिंगमधल्या एका मराठी कुटुंबातला मुलगा. इथंच कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या सीटवर पाय दुमडून बसलाय, मांडीवर लॅपटॉप, शेजारी वह्या. मी काच वाजवली. म्हटलं, "काय रे, घरी काही झालं का?"

"नाही काका," तो म्हणाला. (मी अजून चाळिशीचासुद्धा नाही, पण ते सोडून देऊ.) "बाबांची पहाटेची शिफ्ट आहे, ते झोपलेत. आजी व्हिजिटवर आलीय, ती माझ्या खोलीत झोपते. हॉलमध्ये ताई तिच्या ऑफिसच्या कॉलवर आहे. परवा पेपर आहे. इथं शांत असतं."

दोन बेडरूमचा फ्लॅट, माणसं पाच. त्यात कुणाचंच काही चुकलेलं नाही. मुलाला पुस्तकं नव्हती असंही नाही, सगळं काही त्या लॅपटॉपमध्ये होतं. नव्हती ती फक्त एक खुर्ची, एक टेबल आणि जिथं कुणी 'जरा सरक' म्हणणार नाही अशी जागा. बाहेर त्या वेळेलाही पस्तीस डिग्री होतं, म्हणून एसीसाठी इंजिन चालू.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण गाडीतल्या त्या मुलाच्या जागी मला दुसराच एक जण दिसत होता. तो किस्सा सांगतो.

२००६ साली मी सांगली जिल्ह्यातून पुण्याला इंजिनियरिंगला आलो. कॉट बेसिसवर खोली. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही चौघे, चार कॉट आणि एक ट्यूबलाइट. चौघांतला एक कॉल सेंटरला रात्रपाळी करायचा आणि दिवसा झोपायचा. म्हणजे दिवसा दिवा लावायचा नाही आणि रात्री उरलेल्यांपैकी एकाला झोपायचं असलं की संपलं. माझा एक रूममेट धाराशिव जिल्ह्यातला (तेव्हाचं उस्मानाबाद), आमच्याच वर्गातला. हा गडी पी.एल. सुरू झाली की रात्री वह्या घेऊन स्वारगेटच्या एस.टी. स्टँडवर जाऊन बसायचा. तिथं रात्रभर दिवे असतात, चहा मिळतो आणि बाकड्यावर बसलेल्या माणसाला कुणी उठवत नाही. एखादा कंडक्टर विचारायचा, "कुठली गाडी रे?" हा म्हणायचा, "सकाळची."

तुम्ही म्हणाल, कॉलेजला लायब्ररी नव्हती का? होती ना! चांगली मोठी होती. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण त्या काळी बहुतेक कॉलेजांत हेच चित्र होतं. पुस्तकं जाळीच्या पलीकडे, आपण खिडकीशी. चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं, आतून उत्तर यायचं, "बाहेर गेलंय." आणि वाचनकक्ष? सकाळी अकरा ते संध्याकाळी साडेपाच. आमची लेक्चर्स आणि प्रॅक्टिकल्सही बरोबर त्याच वेळात. म्हणजे आम्ही रिकामे असू तेव्हा हॉल बंद, आणि हॉल उघडा असेल तेव्हा आम्ही वर्गात. हे वेळापत्रक कुणी दुष्टपणानं केलेलं नव्हतं. ते कर्मचाऱ्यांच्या ड्यूटीवरून ठरलेलं होतं, इतकंच.

माझा रूममेट दुसऱ्या वर्षी एम-थ्रीमध्ये अडकला, मग आणखी दोन विषय राहिले, वर्ष गेलं. पुढे त्यानं कॉलेज सोडलं. आज गावाकडे त्याचं खताचं दुकान आहे, बरं चाललंय. तो एकट्या जागेपायी गेला असं मी म्हणणार नाही. पैशाची ओढाताण होती, इंग्रजीचा त्रास होता. पण मध्यंतरी भेटला तेव्हा म्हणाला, "अरे, गणित मला जमत होतं. मला बसायलाच जमलं नाही." हे वाक्य काही माझ्या डोक्यातून जात नाही.

आता माझी पहिली आपटी. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट काय घ्यायचा? आम्ही चौघांनी ठरवलं, लायब्ररीच कॉम्प्युटराइज करू. तेव्हा 'कोहा' नावाच्या सॉफ्टवेअरची आम्हाला फार भुरळ होती. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयाची जुनी सिस्टिम सन २०००च्या तारखेला बंद पडणार होती. त्यांनी नवी करून घेतली, ती जानेवारी २००० मध्ये चालू झाली आणि त्यांनी ती जगाला फुकट देऊन टाकली. 'कोहा' हा माओरी शब्द, अर्थ भेट. आपण म्हणू 'आहेर'! तर त्या धर्तीवर आम्ही सहा महिने खपलो. दाखलनोंद रजिस्टरातून पुस्तकांची नावं टाइप केली, बारकोड चिकटवले, दारात दोन मशिन्स बसवली. लेखकाचं नाव टाका, पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते कळेल. ओरल्सला चांगले मार्क मिळाले, पेढे वाटले.

महिन्याभरानं जाऊन बघतो तर दोन्ही मशिन्सवर कापडी कव्हर. तिथं एक लायब्ररी अटेंडंट होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी जरा रागानंच विचारलं. मामा शांतपणे म्हणाले, "तुमच्या मशीनवर पुस्तक कुठाय ते कळतं, बरोबर? पण पोरं ते विचारायला येतच नाहीत. पोरं रोज एकच विचारतात, मामा, हॉल कधी उघडणार?"

सहा महिन्यांत आम्ही एकाही मुलाला विचारलं नव्हतं की तुला लायब्ररीत काय कमी पडतं. विचारायचं असतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

आता थोडं मागं जाऊ. कारण ही गोष्ट आमच्या खोलीपुरती नाही, फार जुनी आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लोअर परळला डबक चाळीत एका खोलीत एक कुटुंब राहायचं. त्याच खोलीत चूल, भांडीकुंडी आणि झोपायची जागा. शाळेत जाणाऱ्या मुलाला अभ्यासाला कोपरा नाही. मग वडिलांनी एक युक्ती काढली. मुलानं लवकर झोपायचं, वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागायचं, मग त्याला अभ्यासाला उठवायचं आणि त्याच्या जागेवर स्वतः झोपायचं. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. शाळा सुटल्यावर भीमराव वाचत बसायचे चर्नी रोडच्या बागेत. तिथंच त्यांना कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी पाहिलं, चौकशी केली, पुस्तकं दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा याच केळुसकरांनी आपलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पुढे सयाजीराव गायकवाडांच्या मदतीनं ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, नंतर लंडनला. तिथं ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ते दिवसच्या दिवस बसायचे. आणि दादरला स्वतःचं घर बांधलं, राजगृह, तेव्हा त्यातही मोठी जागा पुस्तकांना आणि वाचायला ठेवली. लहानपणी बागेत बसून वाचलेल्या माणसाला त्या जागेची किंमत काय असते ते ठाऊक होतं.

आणि हे सयाजीराव गायकवाड तरी कोण? १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बडोद्याला बोलावून संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणणारा राजा. जिथं वाचनालय पोचत नाही तिथं पुस्तकांच्या पेट्या जायच्या. आज नाशिकहून विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या परदेशातल्या मराठी घरांतसुद्धा पोचतात, तेव्हा मला त्या बडोद्याच्या पेट्या आठवतात.

आता विद्यापीठाकडे येऊ. आज कलामसाहेबांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर १९३१. महाराष्ट्रात २०१५ पासून हा दिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. योगायोग असा की त्याच १९३१ साली, त्याच मद्रास इलाख्यात एक पुस्तक प्रसिद्ध झालं. एस. आर. रंगनाथन यांचं, ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम. हे रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि आठवड्याभरात कंटाळून "मला परत शिकवायला पाठवा" म्हणून मागे लागले! विद्यापीठानं त्यांची समजूत घातली, आधी लंडनला जाऊन बघा, मग ठरवा. तिथं त्यांनी पाहिलं की ग्रंथालयात कामगारापासून मुलांपर्यंत सगळे येतात, हवं ते पुस्तक हातात घेऊन बघतात. परत आले ते कायमचे ग्रंथपाल होऊनच. मद्रासला त्यांनी पुस्तकं मुक्तद्वार केली, ग्रंथालय उघडं राहण्याची वेळ वाढवली.

त्यांचे पाच नियम पाठ करायला सोपे आहेत. पुस्तकं वापरासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवा. आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. पण गंमत पुढेच आहे. 'पुस्तकं वापरासाठी' हा पहिला नियम समजावताना रंगनाथन पुस्तकांबद्दल कमी आणि बाकीच्याबद्दलच जास्त बोलतात. ग्रंथालय कुठे असावं, किती वेळ उघडं असावं, फर्निचर कसं असावं, कर्मचारी कसे असावेत. म्हणजे आमचे मामा सांगत होते ते त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. आम्ही प्रोजेक्ट रिपोर्टच्या पहिल्या पानावर त्यांचे पाचही नियम छापले होते. वाचले नव्हते!

आता दुसरी आपटी. इथं नोकरीला लागलो, हातात चार पैसे आले. २०१६ मध्ये वाटलं, कॉलेजचं देणं फेडू. बॅचच्या मित्रांना गोळा केलं आणि शंभरएक नवीकोरी पुस्तकं कॉलेजला पाठवली. आभाराचं पत्र आलं, आम्ही खूश. तीन वर्षांनी सुट्टीत गेलो तर पुस्तकं काचेच्या कपाटात, वर पट्टी, 'माजी विद्यार्थ्यांकडून सप्रेम भेट', आणि कपाटाला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. मला आधी संताप आला. मग लक्षात आलं, ही पुस्तकं मागितली कुणी होती? यादी आम्हीच केली, आमच्या वेळच्या आठवणीतून. निम्म्यांच्या आवृत्त्या जुन्या, निम्मी आता मुलं मोबाइलवरच वाचतात.

तेव्हा मात्र मी शहाणपणा केला. तिथंच जिन्यावर बसलेल्या मुलामुलींना विचारलं, तुम्हाला काय हवंय? पहिलं उत्तर, प्लग पॉइंट. दुसरं, परीक्षेच्या आधी हॉल रात्री दहापर्यंत उघडा ठेवा. मुली म्हणाल्या, दहापर्यंत ठेवणार असाल तर स्वच्छतागृहाला कुलूप लावू नका आणि हॉस्टेलपर्यंतच्या वाटेवर दिवे लावा, नाहीतर आम्हाला उपयोग शून्य. हे माझ्या यादीत सात जन्मांत आलं नसतं. एकानं तर सांगितलं, "सर, तो मधला पंखा बंद करा, कागद उडतात."

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. लोकांना विचारायचं, आणि मग ते प्रत्यक्षात काय करतात तेही बघायचं, कारण दोन्हींत फरक असतो. म्हणून चार विद्यार्थ्यांना तयार केलं. आठवडाभर दर तासाला हॉलमध्ये चक्कर मारायची, हॉलच्या नकाशावर खुणा करायच्या. खुर्चीवर माणूस आहे, खुर्ची रिकामी आहे, की नुसती सॅक आहे? खर्च म्हणाल तर झेरॉक्सचा. त्यातून तीन गोष्टी कळल्या. एक, भिंतीला प्लग होते तिथं झुंबड आणि मधली टेबलं ओस. दोन, हॉल 'फुल्ल' आहे असं सगळे म्हणायचे तेव्हासुद्धा कित्येक खुर्च्यांवर माणूस नव्हता, सॅक आणि पाण्याची बाटली होती. आपण एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकतो ना, तोच प्रकार! आणि तीन, गटानं चर्चा करणारे आणि एकट्यानं वाचणारे एकाच हॉलमध्ये असल्यानं दोघंही वैतागलेले.

या तिन्हीला नवी इमारत लागत नाही. मधल्या टेबलांपर्यंत वायरिंग नेलं. चर्चा करणाऱ्यांना संध्याकाळी दोन रिकामे वर्ग उघडून दिले. आणि रुमालाच्या दुखण्यावर जर्मनीतल्या विद्यापीठांचा उपाय सापडला. तिकडे पार्किंगमध्ये गाडी किती वाजता लावली ते दाखवायला पुठ्ठ्याची घड्याळाची चकती काचेमागे ठेवतात. काही ग्रंथालयांनी तीच टेबलावर आणली. जागा सोडताना चकतीवर वेळ लावून जा. ठरलेल्या वेळात परत आला नाहीत तर दुसऱ्यानं सामान बाजूला ठेवून बसावं. भांडण नाही, मॉनिटर नाही. आमच्या मुलांनी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यांतून चकत्या कापल्या. पहिला आठवडा चेष्टा झाली, मग चालू झालं.

पैसे कुठे लागले? दिव्यांना, वायरिंगला आणि पी.एल.च्या महिन्यात रात्री थांबणाऱ्या माणसाच्या पगाराला. तो आम्ही मित्रांनी वाटून घेतला. कॉलेजनं एका सत्रासाठी प्रयोग म्हणून परवानगी दिली, त्याबद्दल प्राचार्यांचे मनापासून आभार, कारण जबाबदारी शेवटी त्यांचीच. पहिल्या रात्री आठ मुलं आली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात फोटो आला, तेव्हा मुलं जिन्यावर बसलेली होती. मागच्या वेळी जिन्यावर होती ती हॉल बंद म्हणून, आता होती ती हॉल भरला म्हणून.

मग मार्च २०२० आला आणि सगळं बंद. पण त्या बंदनं एक गोष्ट शिकवली. कोरोनात पुस्तकं अडली नाहीत. ई-बुक्स होती, शोधगंगेवर प्रबंध होते, नॅशनल डिजिटल लायब्ररी होती. लेक्चर्ससुद्धा मोबाइलवर आली. अडली ती जागा. चार माणसांच्या एका खोलीतून मुलं परीक्षा देत होती, आणि मागे कुकरच्या शिट्ट्या.

पुढे तर डिजिटलची बाजू आणखी भक्कम झाली. भारत सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं, सरकारी उच्च शिक्षणसंस्थांतल्या मुलांना आणि संशोधकांना खुली. आडगावच्या सरकारी कॉलेजातल्या मुलाला मुंबईच्या मुलाइतकंच वाचायला मिळणार, ही फार मोठी गोष्ट आहे. मी आयटीवाला, मला तर आनंदच. पण ते वाचायला तो बसणार कुठे? कागदाची पुस्तकं कमी लागू लागली, म्हणून ग्रंथालयाची जागा कमी करू, असा हिशेब काही ठिकाणी मांडला जातो. मला तो उलटा वाटतो. कपाटं कमी होत असतील तर तिथं टेबलं टाका.

आता पुन्हा कतारला येऊ. १९७३ साली इथं शिक्षण महाविद्यालय सुरू झालं तेव्हा विद्यार्थी होते दीडशे. ५७ मुलगे आणि ९३ मुली. त्याचंच १९७७ मध्ये कतार विद्यापीठ झालं. आज एज्युकेशन सिटीत परदेशी विद्यापीठांच्या शाखा आहेत आणि २०२१ पासून आपलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठही दोहात आहे. म्हणजे आपली मुलं बारावीनंतर पुण्याला जाण्याऐवजी पुणंच इकडे आलं! पण यात एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. पुण्याला गेलेला मुलगा हॉस्टेलवर किंवा कॉटवर राहतो. इथला मुलगा कॉलेज करतो ते आपल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमधून.

आणि आपल्या शहरात कतार नॅशनल लायब्ररी आहे. ती नोव्हेंबर २०१७ मध्ये लोकांना खुली झाली आणि १६ एप्रिल २०१८ रोजी तिचं औपचारिक उद्घाटन झालं. इमारत डच वास्तुविशारद रेम कूलहास यांच्या संस्थेची, चाळीस हजार चौरस मीटरहून मोठी. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ती पाहुण्यांना दाखवली आहे, फोटो काढलेत. पण तिची मुळातली कल्पना फार जणांना माहीत नसते. राष्ट्रीय ग्रंथालय, शहराचं सार्वजनिक ग्रंथालय आणि विद्यापीठाचं ग्रंथालय, ही तिन्ही एकाच छपराखाली. म्हणजे एज्युकेशन सिटीतला संशोधक, आपली आजी आणि पाचवीतलं पोर एकाच दारातून आत जातात. संगमरवराची कपाटं जमिनीतूनच उगवल्यासारखी, त्यांतच दिवे आणि हवा खेळती ठेवायची सोय, आणि परत केलेलं पुस्तक यंत्रानं आत जातं. कतारमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला सभासदत्व मोफत. रंगनाथनांना आवडलं असतं.

मी तिथं गेलो की माझ्या सवयीनं चक्कर मारतो. लोक खिडकीजवळ बसतात, प्लगजवळ बसतात आणि एसी थेट अंगावर येतो ती जागा टाळतात. सांगायचं काय, जगातलं ग्रंथालय कितीही मोठं असो, माणूस तिथं जागा शोधताना आमच्या कॉलेजच्या पोरासारखाच वागतो.

मग गाडीतला तो मुलगा तिथं का गेला नाही? मी विचारलं. म्हणाला, "काका, माझं लायसन्स नाही. बाबांची शिफ्ट. टॅक्सीला रोजचे पैसे कुठून आणू?" मदिनत खलीफाहून गाडीनं जेमतेम वीस मिनिटं. तेवढ्यासाठी ती सगळी व्यवस्था त्याच्यासाठी नसल्यासारखीच. वाचकाचा वेळ वाचवा म्हणतात, त्यात हा प्रवासही आला.

म्हणून मंडळापुढे तीन गोष्टी ठेवतो. मंडळाच्या तिजोरीला हात न लावता होणाऱ्या आहेत, त्यामुळे खजिनदारांनी निश्चिंत असावं.

पहिली, परीक्षांच्या महिन्यात आठवड्यातले तीन दिवस आळीपाळीनं गाड्या काढू. आपण मुलांना क्रिकेटच्या मॅचला सोडतो, तसंच लायब्ररीला सोडू आणि परत आणू. व्हॉट्सअॅप ग्रुप मी सांभाळतो.

दुसरी, ज्यांच्या घरी एखादी खोली दिवसाचे काही तास रिकामी असते त्यांनी ती परीक्षेच्या काळात चार मुलांना द्यावी. खाऊपिऊ घालायचं नाही, चौकशा करायच्या नाहीत, "आमच्या वेळी" असं सुरू करायचं नाही. फक्त टेबल, खुर्ची, दिवा. ही मजलिस त्यात पहिली असावी असं मी यजमानांना न विचारताच जाहीर करतो. वहिनी हसतायत, म्हणजे होकार समजू.

तिसरी, तुमच्यातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या कॉलेजचा माजी विद्यार्थी आहे. पुढच्या सुट्टीत गेलात की तिथल्या लायब्ररीत तासभर बसा. पुस्तकांचा गठ्ठा घेऊन जाऊ नका. आधी तिथल्या मुलांना विचारा, मुलींना जरूर वेगळं विचारा, आणि तिथल्या मामांना विचारायला तर विसरूच नका. मग जे लागेल ते द्या. कदाचित ते पुस्तक असेल, कदाचित वायरीचं बंडल असेल. वायरीच्या बंडलावर 'सप्रेम भेट' लिहिता येत नाही, हे मात्र आधीच मान्य करून जा.

माझ्या त्या रूममेटला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "चांगलं करताय. पण रात्रीचा चहाही ठेवा. स्वारगेटला तेवढी एक सोय होती."

उभे असलेल्यांचे विशेष आभार. आता चहा तयार आहे, आणि बसलेल्यांनी उठून त्यांना जागा द्यावी!



ता. क. – अंक छापायला जाताना एवढंच कळवतो. भाषणानंतर तीन घरांनी खोली देऊ केली, त्यांतल्या दोन चालू राहिल्या. तिसऱ्या घरी वहिनी मुलांना दर तासाला काहीतरी खायला द्यायच्या, त्यामुळे अभ्यास होईना. गाड्यांची पाळी मात्र नीट चालली. आमच्या पार्किंगमध्ये रात्री दिवा लागलेली गाडी त्यानंतर मला दिसली नाही.